भिंतीएवढं भोक

विम्याबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. आयुष्याचा विमा, गाडीचा विमा, दातांचा विमा, सगळे मी भक्तिभावानं भरत आलो. गाडी ठोकली तर पैसे मला, दात पडला तर पैसे मला, आणि मीच पडलो तर पैसे लॉर्नाला. सरळ व्यवहार आहे. पण घराच्या कर्जाबरोबर बँकेनं आमच्या गळ्यात जो विमा बांधला, त्याची तऱ्हाच न्यारी. मी कर्ज बुडवलं तर पैसे मिळणार बँकेला, आणि त्याचा हप्ता दरमहा भरायचा मी! म्हणजे माझ्यामुळे बँकेला जी धास्ती वाटते, तिच्या औषधाचं बिल माझ्याच नावावर. मी काउंटीच्या उद्यानखात्यात नोकरीला आहे. बागेत सहलीसाठी छपरी हवी असली तर परवाना माझ्या सहीनं निघतो. अख्ख्या मिलवॉकीचा या सहीवर विश्वास आहे. एकट्या बँकेचा नाही.

कारण इतकंच की घर घेताना किमतीच्या एक पंचमांश रक्कम आमच्याजवळ रोख नव्हती. मिलवॉकीला लागूनच असलेल्या वेस्ट ॲलिसमधल्या जुन्या विटांच्या घरासाठी आम्ही होतं नव्हतं ते खरवडून दिलं, तरी ते पाच टक्क्यांपुढं गेलं नाही. तसल्या माणसाला हा विमा चुकत नाही.

तो हप्ता माझ्या पगारातून जातो असं मी चारचौघांत सांगत असे. खरं म्हणजे तो लॉर्नाच्या शनिवारांतून जात होता. सोमवार ते शुक्रवार ती शाळेच्या कचेरीत काम करते. घर घेतलं त्या वर्षी तिनं शनिवारी बेकरीच्या काउंटरवर उभं राहायला सुरुवात केली. उजाडायच्या आत निघायचं, लोकांच्या पिशव्यांत पाव भरायचे आणि दुपारी केसांत साखर घेऊन घरी यायचं. त्याआधी तिचा शनिवार तळ्यावर जायचा. तिच्या वडिलांची ॲल्युमिनियमची होडी, मागं लावायची छोटी मोटर, दोन गळ, थर्मासमध्ये कॉफी. रविवारी चर्च आणि तिची आई, तेव्हा रविवार आपला नव्हेच. होडी सहा वर्षं गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. लॉर्नानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की एकदा जाऊन ताडपत्री झटकून यायची.

यंदा ती ताडपत्री झटकून आली आणि म्हणाली, "नॉर्ब, मी आज बँकेत फोन केला होता."

"का गं? काय झालं?"

"आपल्या रस्त्यावरच्या घरांच्या किमती केवढ्या वाढल्यात, बघतोयस ना? आपल्याला पाच वर्षं होऊन गेलीत. आता आपलं कर्ज घराच्या आजच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांच्या आत आलं असेल तर तो विमा रद्द करून मागता येतो. हप्ते वेळेवर हवेत, ते आहेत. घरावर दुसरं कर्ज नको, ते नाही. बँक व्हॅल्युएशनला माणूस पाठवणार, फी आपण भरायची. तू फक्त एक अर्ज लिही आणि ज्या दिवशी माणूस येईल त्या दिवशी घर आवरून ठेव. बस्स."

सहा वर्षं मी बँकेच्या नावानं खडे फोडत होतो. या बाईनं शाळेतल्या जेवणाच्या सुट्टीत एक फोन केला.

तेव्हाच मी अर्ज लिहून गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण घराची किंमत ठरवायला कुणी परका येणार आणि आपण घर बनियनवर दाखवायचं, हे माझ्या मनाला पटेना. आपण काहीतरी केलं पाहिजे असं मला वाटलं. पुरुषमाणसाला असं वाटलं की तो कुंपणाशी जातो.

कुंपणापलीकडे शेजारचा डुएन शेगडीवर ब्रॅटवर्स्ट, म्हणजे जाडजूड सॉसेज, भाजत होता. डुएन निवृत्त आहे. त्याच्याजवळ प्रत्येक विषयावर मत आणि प्रत्येक मताला लागणारं हत्यार असतं.

"अरे, तो विमा आपोआप जातो," डुएन म्हणाला. "कर्ज अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर आलं की बँक स्वतःच काढते. थांब की."

"ते मूळ किमतीच्या हिशेबानं. त्याला अजून कितीतरी वर्षं आहेत. तोवर लॉर्नाचे गुडघे जातील."

"मग किंमत वाढव! मागच्या त्या दोन खोल्या आहेत ना तुझ्या, खुराड्यासारख्या? मधली भिंत पाड. आजकाल लोकांना ऐसपैस लागतं. एक झकास मोठी बेडरूम होईल."

इतक्यात समोरच्या अर्लीनबाई कुत्र्याला घेऊन आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं. रस्त्यावरच्या प्रत्येक घराची विक्री, वाटणी आणि भांडण त्यांना तोंडपाठ. त्या म्हणाल्या, "भिंतीबिंतीचं मला कळत नाही बाळा. पण तो माणूस येईल तेव्हा ओव्हनमध्ये बिस्किटं पाहिजेत. वासानं किंमत चढते. आणि तळघरातला बार दाखवायला विसरू नकोस."

आमच्या तळघरात आधीच्या मालकानं बांधलेला बार आहे. लाकडी काउंटर, बियरचे तीन नळ, भिंतीवर भुसा भरलेला मासा. आमच्या विस्कॉन्सिन राज्यात याला मालमत्ता म्हणतात. बाहेरच्यांना ते समजत नाही.

पुढच्या शनिवारी लॉर्ना बेकरीत गेल्यावर डुएन घण घेऊन हजर झाला. त्यानं भिंतीला कान लावला, बोटांनी टकटक केलं आणि डॉक्टरसारखा निकाल दिला, "ही भार घेत नाही. नुसती उभी आहे. तुझ्यासारखीच."

नगरपालिकेच्या परवानगीचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. मी स्वतः परवाने देणारा माणूस. पण छपरीखाली सहल काढायला परवाना लागतो हे मला मान्य आहे. स्वतःच्या घरात स्वतःच्या भिंतीला हात लावायला परवाना लागावा, हे त्या दिवशी मला अपमानास्पद वाटलं.

पहिला घाव मी घातला. भिंतीनं दाद दिली नाही. दुसरा घाव डुएननं घातला आणि घण हातातून सुटून आत गेला. आत म्हणजे आतच. जुन्या घरांत मळके कपडे वरून टाकले की थेट तळघरात धुण्याच्या मशीनपाशी पडावेत म्हणून पत्र्याची नळी असते. आमची ती नळी याच भिंतीतून जाते, हे मी सहा वर्षं रोज मोजे टाकूनही लक्षात घेतलं नव्हतं. घण नळीतून गडगडत खाली गेला आणि मशीनच्या झाकणावर आदळला. पाठोपाठ दोन बादल्या प्लास्टर खाली गेलं, ते लॉर्नाच्या बेकरीच्या धुतलेल्या पांढऱ्या एप्रनांवर पडलं.

"चला," डुएन म्हणाला, "नळी सापडली ते बरं झालं. आता ढिगारा जिन्यानं न्यायला नको."

त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं, हे मी कबूल करतो. दुपारपर्यंत भिंत गेली. तिच्या जागी जमिनीवर वीतभर रुंदीचा पट्टा उघडा पडला, कारण लाकडी फरशी दोन्हीकडून भिंतीपर्यंत येऊन थांबली होती. छतातून दोन वायरी लोंबत होत्या. पण खोली मात्र मोठी दिसत होती. मी आणि डुएन तिच्या मधोमध उभे राहून बियर प्यायलो आणि एकमेकांचं कौतुक केलं.

लॉर्ना आली. दारात उभी राहिली. केसांत साखर होती. तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"भिंत कुठाय?"

"खाली," मी म्हणालो. "तळघरात. तुझ्या एप्रनांवर."

दुसरी कुणी असती तर तिनं आम्हा दोघांना त्याच नळीत घातलं असतं. लॉर्नानं कोट काढून खुंटीला लावला. "डुएन," ती म्हणाली, "जेवून जाणार आहेस का?" आपण काय चीज पदरात पाडून घेतली आहे, याची मला त्या क्षणी पुन्हा जाणीव झाली. डुएन न जेवता, घण न घेता, मागच्या दारानं गेला.

व्हॅल्युएशनला आलेल्या बाईंचं नाव ब्रॉडनॅक्स. उंच, शांत, हातात मोजमापाचं लाल दिव्याचं यंत्र. लॉर्ना शाळेत होती. अर्लीनबाई सकाळपासून आमच्या ओव्हनपाशी ठाण मांडून होत्या. मी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"ही आमची मोठी बेडरूम," मी हात पसरून म्हणालो. उघड्या पट्ट्यावर मी आधीच सतरंजी टाकली होती.

"बेडरूम एकूण किती?"

"दोन. पण ही बघा ना केवढी!"

"दोन," त्या म्हणाल्या आणि लिहिलं.

"म्हणजे तशा तीन होत्या हो. गेल्या महिन्यापर्यंत."

त्यांनी मान वर केली. "या रस्त्यावरची बाकीची घरं तीन बेडरूमची आहेत, मिस्टर कोप्के. तुलना त्यांच्याशी करावी लागते." इतकं बोलून त्यांनी पायानं सतरंजी बाजूला केली, पट्ट्याकडं पाहिलं, वर वायरींकडं पाहिलं आणि पुन्हा लिहिलं. घाईघाईनं मी त्यांना तळघरात नेलं. बार दाखवला. नळ उघडून दाखवले. मासा दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे," आणि काहीच लिहिलं नाही. त्याच वेळी वर धुराचा इशारा देणारा भोंगा वाजू लागला. अर्लीनबाई खिडकीतून डुएनशी बोलत राहिल्या होत्या आणि बिस्किटांचा कोळसा झाला होता. वासानं किंमत चढते हे खरं असेल, पण वास कसला ते अर्लीनबाईंनी सांगितलं नव्हतं.

बँकेचं उत्तर आलं. घराची किंमत थोडक्यात कमी पडली होती. अगदी थोडक्यात, एका बेडरूमएवढी. विमा चालू राहील. पुन्हा व्हॅल्युएशन हवं असल्यास पुन्हा फी भरावी.

ते पत्र वाचताना लॉर्नाचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला पाहिला मी. शुक्रवार होता. आम्ही नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या खाणावळीत तळलेला मासा खायला गेलो होतो. ती मासा चिवडत म्हणाली, "उद्या लवकर उठायचंय. लवकर निघू या हं." एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोचे शनिवार मी स्वतःच्या हातानं, घणानं फोडले होते.

"लॉर्ना, मी भिंत परत बांधतो," मी म्हणालो. "खर्चाचं काही मनावर घेऊ नकोस. घर आहे ना आपलं? त्याच्यावर छोटंसं कर्ज काढू."

तिनं काटा खाली ठेवला. मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अरे शहाण्या, घरावर दुसरं कर्ज काढलंस की बँक हा विमा रद्दच करणार नाही! सांगितलं होतं ना मी? तू तेव्हा भिंतीचा विचार करत होतास वाटतं." मग डोळे पुसून म्हणाली, "पैशांचं मी बघते. तू परवानगी काढ. या वेळी रीतसर."

नगरपालिकेच्या खिडकीमागं माझ्याच जातकुळीचा माणूस बसला होता. तीच शांतता, तसंच पेन, तोच चष्म्यावरून बघायचा सराव. मला जरा धीर आला.

"मागच्या खोलीत भिंत बांधायची आहे," मी म्हणालो.

त्यानं आमच्या घराचा नकाशा पडद्यावर काढला. "तिथं भिंत आहे."

"होती. पाडली."

"पाडायची परवानगी?"

मी खिडकीवरची सूचना वाचू लागलो.

"परवानगी नसेल तर ती पाडलेली नाही," तो म्हणाला. "कागदोपत्री भिंत उभी आहे. उभ्या असलेल्या भिंतीच्या जागी भिंत बांधायची परवानगी मी कशी देऊ? आधी पाडायची परवानगी घ्या."

"अहो पण पाडायला भिंत कुठाय?"

"तेच तर. तपासनीस येणार, त्याला भिंत दिसली पाहिजे."

या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटला. मी स्वतः इतकं उत्तम काम कधी केलेलं नाही. पण परवाना मिळाला नाही. तिसऱ्या खेपेला मी लॉर्नाला बरोबर नेलं. तिनं त्याचं सगळं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुरुस्तीचा परवाना मिळतो का हो?"

"मिळतो की. काय दुरुस्त करायचंय?"

"भिंतीला भोक पडलंय."

"केवढं?"

"भिंतीएवढं."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एक लांब श्वास सोडून त्यानं लिहिलं, *भिंतीची दुरुस्ती*. "दंड भरावा लागेल," तो म्हणाला, "पण थोडा." आणि त्या खिडकीमागं कधी काळी कुणी हसलं असेल असं मला वाटत नव्हतं, पण तो हसला.

पैसे कुठून आले ते मला भिंतीला लावायच्या बोर्डांची गाडी दारात आल्यावर कळलं. लॉर्नानं होडीची मोटर डुएनला विकली होती. डुएनजवळ होडी नाही. तो पाण्याला भितो. त्यानं ती मोटर लॉर्ना सांगेल त्या किमतीला घेतली आणि गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवली.

"अगं, वडिलांची मोटर!" मी म्हणालो.

"वडिलांची होडी आहे ना अजून," ती म्हणाली. "आता बोर्ड धर. सरळ धर, नॉर्ब. सरळ म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे ना?"

भिंत लॉर्नानं बांधली. आम्ही पुरुष नुसते हमाल होतो. तिचे वडील सुतारकाम करायचे आणि ती मुलगा नाही म्हणून तिला वगळायची त्यांची पद्धत नव्हती. संध्याकाळी शाळेतून आली की ओढणीसारखा रुमाल डोक्याला बांधायची आणि पेन्सिल कानाला लावून कामाला लागायची. डुएन मान खाली घालून बोर्ड वाहायचा. एकदा त्यानं तोंड उघडलं, "लॉर्ना, मी काय म्हणतो, इथं एक कमान—" तिनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं. अर्लीनबाई रोज सँडविच घेऊन यायच्या, विकतचे. वायरी जोडायला परवानाधारक माणूस आला, तपासनीस आला, त्यानं भिंतीवर हात फिरवून विचारलं, "कुणी केलं हे काम?" मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्या बायकोनं." इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याही कामाचा वाटलेला नाही.

बँकेनं पुन्हा ब्रॉडनॅक्सबाईंनाच पाठवलं. या वेळी घर दाखवायला लॉर्ना होती, आणि मला अंगणात उभं राहायची आज्ञा होती. खिडकी उघडी असल्यानं ऐकू येत होतं.

"मागच्या वेळी इथं भिंत नव्हती," बाई म्हणाल्या.

"सुट्टीवर गेली होती."

"आणि त्या बिस्किटवाल्या आजीबाई?"

"त्यांनाही सुट्टी दिलीय."

आत दोघींचं हसणं ऐकू आलं. मग यंत्राचा टुक् टुक् आवाज. मग बाई म्हणाल्या, "बेडरूम तीन."

विमा रद्द झाल्याचं पत्र आलं, त्यात ती एकच ओळ कामाची होती. लॉर्नानं ती दोनदा वाचली, पत्र फ्रिजवर लावलं आणि बेकरीत फोन केला. आता शनिवारी येणार नाही, असं तिनं मालकांना सांगितलं. त्यांनी तिला निरोपाला डझनभर पाव दिले.

शनिवारी ती सवयीनं उजाडायच्या आत उठली. आम्ही होडी गाडीला जोडून तळ्यावर गेलो. होडी पाण्यात ढकलतोय तोवर मागं डुएनची गाडी येऊन थांबली. तो उतरला, मागून मोटर काढली आणि दोन्ही हातांत तान्ह्या पोरासारखी धरून पाण्यापासून चार हात लांब उभा राहिला.

"लॉर्ना, ही घे बाई. पैसे नकोत. रोज गॅरेजमध्ये गेलो की ती माझ्याकडं बघते. मला जेवण जात नाही."

मी मोटर घ्यायला पुढं झालोच होतो. लॉर्ना म्हणाली, "राहू दे, डुएन. तुझ्याकडंच राहू दे."

"अगं पण मग हा वल्ही मारणार? हा?"

"मारेल. त्यानं भिंत पाडलीय, त्याच्यात ताकद आहे."

मी वल्ही मारू लागलो. तळव्यांना लगेच फोड यायला लागले. काठावर डुएन मोटर छातीशी धरून लहान लहान होत गेला. बरंच आत आल्यावर मी धापा टाकत विचारलं, "अगं, फुकट देत होता. का नाही घेतलीस?"

लॉर्ना गळाला आमिष लावत होती. "मोटर होती तेव्हा मी मागं बसून ती चालवायचे," ती म्हणाली. "तू पुढं तोंड करून बसायचास. सगळा वेळ मी तुझी पाठ बघायचे. आणि त्या आवाजात काही बोललं तरी ऐकू यायचं नाही. सहा वर्षं मी काउंटरमागं उभी राहून विचार करत होते, परत शनिवार मिळाला तर काय करायचं."

वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढं असते आणि तोंड मागं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"उजवं वल्हं ओढ," ती म्हणाली. "मागं लव्हाळी आहे."

मी ओढलं. आपण कुठं चाललोय ते मला दिसत नव्हतं. समोर लॉर्ना दिसत होती, आणि तिला सगळं दिसत होतं.